ताईची स्लीव्ह, माझी बायपास: वजनाचं ऑपरेशन निवडताना

आम्ही सख्खी भावंडं. एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो, ढेरीही एकाच घराण्याची. तरी वजन उतरवायला ताईची स्लीव्ह झाली (जठर कापून बारीक नळी करायची) आणि माझी बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती खालच्या आतड्याला जोडायची). ती नेरुळला राहते, मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत. तिचं ऑपरेशन २०१८ चं, माझं २०२१ चं. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी आमचा नंबर पुढे देतं आणि फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "दोन्हींतलं चांगलं कुठलं?"

याचं उत्तर तुमच्या रिपोर्टांच्या फायलीत आणि औषधांच्या डब्यात सापडतं. मी डॉक्टर नाही. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो, त्यामुळे माल घेण्याआधी चार गोष्टी तपासायची सवय आहे, एवढंच. त्याच क्रमानं लिहितो. शेवटचा शब्द अर्थात तुमच्या सर्जनचा.

पायरी १ : आकडा काढा

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, काढायला कॅल्क्युलेटर पुरतो. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनंच गुणायचं आणि आलेल्या आकड्यानं वजनाला भागायचं. ताई १५८ सेंटिमीटर, तेव्हा १०४ किलो. १.५८ गुणिले १.५८ म्हणजे जवळपास २.५, भागाकार ४१.७. मी १७२ सेंटिमीटर, ११३ किलो, माझा ३८.२.

हा आकडा कुठल्या पट्टीवर ठेवायचा, यात मात्र गोंधळ होतो. अमेरिकेत १९९१ साली ठरलेली जुनी पट्टी अशी : बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असला काही आजार. २०२२ साली या विषयातल्या दोन मोठ्या संघटनांनी ती बदलली. आता ३५ च्या वर असेल तर सोबत आजार असो-नसो, ऑपरेशनचा सल्ला देता येतो. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा चयापचयाचा आजार असेल तर विचार करता येतो. आशियाई माणसांसाठी ही पट्टी आणखी खाली, २७.५ पर्यंत आणली आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातच साखर वाढते आणि चरबी नेमकी पोटात साठते. विमा कंपन्या मात्र अजून जुन्याच पट्टीनं मोजतात. त्याबद्दल पुढे.

तुमचा आकडा तिशीच्या आसपास असेल तर आधी फिजिशियनशी वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल बोला. माउंजारो मार्च २०२५ मध्ये आणि वेगोव्ही जून २०२५ मध्ये आपल्याकडे आलं. दोन्हींनी वजन खरंच उतरतं, पण इंजेक्शन बंद केलं की बहुतेकांचं बरंचसं परत येतं. आणि हो, लायपोसक्शन हा वेगळाच प्रकार आहे. त्यात कातडीखालची चरबी ओढून काढतात. साखर, भूक, घोरणं जिथल्या तिथं राहतं.

पायरी २ : आत नेमकं काय करतात ते समजून घ्या

आता जवळपास सगळी ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच छोटी भोकं पाडून.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरनं कापून, शिवून बाहेर काढतात. आत उरतं ते केळ्याच्या आकाराचं नळकांडं. आतड्याला हात लावत नाहीत. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि तोच भाग जातो, त्यामुळे पहिलं वर्षभर भुकेची ओरड बरीच शांत होते. ताई म्हणायची, "अरे, चार वाजले तरी मला आठवण करून द्यावी लागते की खायचंय." कापलेलं परत जोडता येत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायचं.

बायपासचा पहिला प्रयोग अमेरिकेत १९६६ मध्ये झाला, म्हणजे पद्धत जुनी, मुरलेली. यात जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी, साधारण ३० मिलीलीटरची पिशवी वेगळी करतात. मग लहान आतडं कापून त्याचं खालचं टोक या पिशवीला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, त्याचे पाचकरस पुढे खाली अन्नाला येऊन मिळतात. ठाणेकराला सांगायचं तर अन्न माजिवड्याच्या पुलावरून थेट निघून जातं, पाचकरस खालच्या सर्व्हिस रोडनं येतात आणि पुढे दोघांची गाठ पडते. जोड दोन. खाणं कमी होतंच, शिवाय अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचल्यानं संप्रेरकांचा खेळ बदलतो आणि साखर बऱ्याचदा वजन उतरण्याआधीच खाली येते. मला मधुमेह होता; डिस्चार्ज मिळाला तेव्हा इन्सुलिन निम्म्यावर आलं होतं, वजन मात्र जेमतेम दोन किलो कमी.

मिनी बायपास १९९७ पासून होते. लांबट नळीसारखी पिशवी आणि जोड एकच. वेळ कमी लागतो, परिणाम चांगला मिळतो, आपल्याकडे ती लोकप्रियही आहे. पण 'मिनी' या नावावर भुलू नका. बहुधा दीड ते दोन मीटर आतडं वगळलं जातं, म्हणजे लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं कमी शोषली जाणं काही मिनी नसतं. आणि काहींना पित्त उलटं वर येण्याचा त्रास होतो.

बाकीच्यांची नुसती ओळख पुरे. बँड म्हणजे जठराभोवती घालायची सिलिकॉनची कडी. एके काळी फार चालली, आता क्वचितच बसवतात आणि जुन्या कड्या काढून टाकण्याचीच ऑपरेशनं होतात. ड्युओडेनल स्विच (स्लीव्हसोबत बरंचसं आतडंही वगळणं) आणि त्याचा सुटसुटीत भाऊ साडी (नेसायची नव्हे) सगळ्यांत जोरकस. फार मोठ्या बीएमआयसाठी, आणि जीवनसत्त्वांची कमतरताही त्यांतच सगळ्यांत जास्त. बलून म्हणजे जठरात फुगवून ठेवायचा फुगा. ते ऑपरेशन नाहीच, बहुतेक प्रकार सहा महिन्यांनी काढावे लागतात. तोंडातून दुर्बीण घालून आतूनच जठराला टाके घालायचाही एक प्रकार आहे; त्यात काही कापत नाहीत, पण वजनही स्लीव्हपेक्षा कमी उतरतं.

पायरी ३ : भाव विचारण्याआधी एंडोस्कोपी

इथे मी स्वतः जवळजवळ फसलो होतो.

ताईचं सगळं सुरळीत झालेलं पाहून मीही स्लीव्हच करायची असं मनाशी ठरवलं. एका ठिकाणी फोन केला. पलीकडच्या मुलीनं वजन, उंची आणि मेडिक्लेम आहे का एवढं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर 'स्लीव्ह पॅकेज' आलं. महिनाअखेरपर्यंत सवलत, खाली हप्त्यांचा तक्ता. रात्री डोक्याखाली दोन उशा घेऊन झोपतो, मध्यरात्री घशाशी आंबट येतं, हे कुणी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही. आपल्याकडे ॲसिडिटी कुणाला नसते?

ताईनंच दटावलं. "माझ्या ऑपरेशनाआधी एंडोस्कोपी केली होती. तुझी केली का?" मग ठाण्यातल्याच दुसऱ्या सर्जनकडे गेलो. त्यांनी खुर्चीत बसवून पहिलाच प्रश्न केला तो छातीत जळजळीचा. पुढच्या आठवड्यात एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून आतून तपासणी) झाली. पडद्यावर त्यांनी दाखवलं : जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्यातून वर छातीकडे सरकलेला, म्हणजे हायटस हर्निया, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला लालभडक चट्टे. "तुम्हाला स्लीव्ह केली," ते म्हणाले, "तर जठराची नळी होईल, आतला दाब वाढेल आणि हे सगळं आणखी वर येईल. वर्ष-दोन वर्षांत तुम्ही बायपास करायला माझ्याकडेच याल. दोनदा भूल कशाला घेता?"

म्हणून सांगतो, कुठलं ऑपरेशन हे ठरायच्या आधी पुढच्या गोष्टी हातात असू द्या. एंडोस्कोपी, आणि त्यातच एच पायलोरी या जंतूची तपासणी. पोटाची सोनोग्राफी, पित्ताचे खडे आणि यकृतावरची चरबी तिथे दिसते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी), थायरॉइड, लोह, बी१२, डी जीवनसत्त्व. हृदयाचा टूडी एको. घोरत असाल तर झोपेची तपासणी, कारण भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती फार महत्त्वाची वाटते. आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांची भेटही. मानसोपचारतज्ज्ञ म्हटल्यावर मी जरा बिचकलो होतो. त्यांनी एकच गोष्ट खोदून विचारली : भूक नसताना कधी खाता? मला उत्तर द्यायला दहा मिनिटं लागली. रात्रपाळीहून परतताना ठाणे स्टेशनबाहेरचे दोन वडापाव, रोज, अकरा वर्षं.

पायरी ४ : तुमचे रिपोर्ट कुठल्या बाजूला झुकतात?

जळजळ आणि हायटस हर्निया असेल तर काटा बायपासकडे. माझा निकाल इथेच लागला. फिनलंडमध्ये स्लीव्ह आणि बायपास यांची दहा वर्षं तुलना झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. जादा वजनापैकी स्लीव्हवाल्यांचं ४३.५ टक्के उतरलेलं टिकलं, बायपासवाल्यांचं ५०.७ टक्के. म्हणजे फरक आहे, पण आकाश-पाताळाचा नाही. अन्ननलिकेची सूज मात्र स्लीव्हनंतर ३१ टक्के जणांत दिसली, बायपासनंतर ७ टक्क्यांत. मला हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त कामाचा वाटतो.

मधुमेह जुना आणि हट्टी असेल तरीही बायपासकडे. अमेरिकेतल्या एका गाजलेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर सरासरी साखर ६ किंवा त्याखाली राहिली ती बायपासवाल्या २९ टक्के, स्लीव्हवाल्या २३ टक्के आणि फक्त औषधांवर असलेल्या ५ टक्के लोकांत. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. ऑपरेशन औषधांपेक्षा कितीतरी सरस, पण 'डायबिटीस कायमचा गेला' म्हणणाऱ्या जाहिराती खोट्या. आजार जितका जुना आणि इन्सुलिन जितकं मुरलेलं, तितकी सुटका अवघड. माझं इन्सुलिन सुटलं, एक गोळी अजून आहे.

आता उलटी बाजू. ताईला आमवात आहे. बोटांचे सांधे सुजले की तिला वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागतात. बायपासनंतर आतड्याच्या जोडावर व्रण होण्याचा धोका असतो आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक असल्या गोळ्यांनी तो फार वाढतो. तिथे त्या जवळपास बंदच कराव्या लागतात. स्लीव्हनंतरही जपूनच घ्यायच्या, पण थोडी मोकळीक असते. तिला जळजळ नव्हती, मधुमेह नव्हता. तिच्या सर्जननं स्लीव्ह म्हटलं ते यासाठी. माझ्या कंबरेसाठी मी आता पॅरासिटामॉल आणि शेकाची पिशवी यांवर भागवतो.

तंबाखू, मिश्री, सिगारेट हीच गोष्ट आणखी कडकपणे. सुटत नसेल तर बायपासचं नावही काढू नका, आणि खरं तर कुठल्याच ऑपरेशनचं काढू नका. इथे लोक सर्जनशी खोटं बोलतात. मिश्री 'फक्त सकाळी दातांना' असं सांगणाऱ्या एक मावशी मला ओपीडीत भेटल्या होत्या.

अपस्माराची, मानसिक आजाराची किंवा अवयवरोपणानंतरची औषधं चालू असतील तर शोषण बदलणं महागात पडू शकतं. स्लीव्ह बहुधा सोयीची. क्रोन्ससारखा आतड्याचा आजार असेल तरीही. आधी पोटाची बरीच ऑपरेशनं झाली असतील, आतडी चिकटलेली असतील, तर आतड्याशी खेळ कमी तेवढा बरा. मुतखडे वारंवार होत असतील तर सांगा, बायपासनंतर ते वाढू शकतात. घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला असेल तर तेही सांगा. बायपासनंतर मागे उरलेल्या जठरात नेहमीची एंडोस्कोपी पोचत नाही.

बीएमआय पन्नाशीच्या पुढे असेल तर काही सर्जन टप्प्याटप्प्यानं जातात, आधी स्लीव्ह आणि वजन उतरल्यावर पुढचं. स्लीव्हची सुरुवातच मुळात अशी, मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा म्हणून झाली. तेवढ्यावरच लोकांचं वजन उतरलं म्हणून ती स्वतंत्र झाली.

मूल हवं असलेल्या मुलींनी एक लक्षात घ्यावं. वजन उतरायला लागलं की पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, पण ऑपरेशननंतर पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायचं असतं. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा ठेवू नये, दुसरा उपाय स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावा.

राहता राहिलं तुमचं स्वतःचं वळण. रक्तदाबाची गोळी आठवड्यातून तीनदा विसरणारा माणूस बायपासनंतरच्या गोळ्या जन्मभर घेईल का? माझ्या बायकोनं हाच प्रश्न सर्जनसमोर विचारला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

पायरी ५ : सर्जन आणि हॉस्पिटल

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता ही ऑपरेशनं करणारी मोठी हॉस्पिटलं आहेत. त्यासाठी दक्षिण मुंबई गाठायलाच हवी असं राहिलेलं नाही. मी अंतराला फार महत्त्व देतो. शिवण कुठेतरी गळणं हा या ऑपरेशनांतला सगळ्यांत भीतीचा प्रकार. तो शंभरात एखाद्यालाच होतो, पण अनेकदा घरी गेल्यावर, पहिल्या एक-दोन आठवड्यांत लक्षात येतो. संध्याकाळी सात वाजता कासारवडवलीहून निघून कापूरबावडीपर्यंत यायला किती वेळ लागतो हे आमच्याकडच्या कुणालाही विचारा. ताईचा हिशेब वेगळा, तिला पाम बीच रोडनं वाशी-बेलापूर दोन्ही जवळ.

सर्जनला विचारायचे माझे प्रश्न असे होते. तुम्ही स्लीव्ह, बायपास, मिनी बायपास तिन्ही करता का? (एकच करणारा माणूस तेच सुचवणार, हातोडीवाल्याला खिळाच दिसतो.) वर्षाला किती करता? गळती झाली तर इथेच सांभाळाल की दुसरीकडे पाठवाल? रात्री आयसीयूत कोण असतं? आणि पाचव्या वर्षी मला कोण बघणार? शेवटच्या प्रश्नावर पहिल्या ठिकाणची मंडळी गडबडली. दुसऱ्या सर्जननं आपल्या आहारतज्ज्ञांना आत बोलावून माझ्या हातात पाच वर्षांचं वेळापत्रक दिलं.

जिवाला धोका किती, हे घरचे विचारतातच. अनुभवी हातात मृत्यूचं प्रमाण साधारण हजारात एकाच्या आसपास, पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनइतकं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तो एक कुणाच्या तरी घरचाच असतो ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

पायरी ६ : पैसे

ताईच्या वेळी बहुतेक पॉलिसींत लठ्ठपणाचे उपचार वगळलेले असत. तिनं एफडी मोडली. २०१९ मध्ये विमा नियामकानं वगळण्यांचे नियम एकसारखे केले. त्यानुसार दावा मान्य व्हायला डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ किंवा त्याहून जास्त हवं, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त हवा. ३५ किंवा त्याहून जास्त असेल तर सोबत यातलं काहीतरी हवं : लठ्ठपणामुळे हृदयाच्या स्नायूचा आजार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार, किंवा उपचार करूनही आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह. शिवाय आहार-व्यायाम-औषधं करून उपयोग झाला नाही हे दाखवावं लागतं. म्हणून आजपासूनच आहारतज्ज्ञांच्या पावत्या, वजनाच्या नोंदी, जुने साखरेचे रिपोर्ट तारखेप्रमाणे फायलीत लावा. माझा ३८.२ चा आकडा पास झाला तो दोन वर्षांच्या रिपोर्टांमुळे, त्यात सरासरी साखर कायम ९ च्या वर होती.

पॉलिसीतला प्रतीक्षा काळ तपासा. कॅशलेसची पूर्वपरवानगी लेखी हातात आल्याशिवाय ॲडमिट होऊ नका. खोली तुमच्या मर्यादेतलीच घ्या, नाहीतर इतर काही खर्चांतही त्याच प्रमाणात कात्री लागते. अंदाजपत्रक मागताना स्टेपलरच्या काड्या (कार्ट्रिज) धरल्या आहेत का ते विचारा. एका ऑपरेशनला पाच-सहा लागतात आणि बिलातला मोठा आकडा त्यांचाच असतो. गोळ्या, प्रोटीन पावडर आणि दरवर्षीच्या रक्ततपासण्या यांचा खर्च जन्मभराचा, तो कुठल्याच पॅकेजात नसतो.

पायरी ७ : रंगीत तालीम

ऑपरेशनच्या आधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा, कमी पिठूळ आहार देतात. भात, पोळी, साखर जवळपास बंद. हेतू यकृत लहान करण्याचा. जठर त्याच्या आड असतं आणि यकृत चरबीनं फुगलेलं असेल तर सर्जनला ते उचलून धरणं कठीण जातं.

पण मी म्हणतो, त्याच्याही आधी आठवडाभर घरी तालीम करा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येतं ते छोटं प्लास्टिकचं मापटं घ्या. त्यात पाणी घालून दहा-पंधरा मिनिटांत घोट घोट संपवा. पुन्हा भरा. दिवसभर. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस असेच जातात : मापटं, घड्याळ, पुन्हा मापटं. ताईनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर खडूनं रेघा मारल्या होत्या, एका मापट्याला एक रेघ, दूधवाल्याच्या हिशेबासारख्या. संध्याकाळी बत्तीस रेघा झाल्या की ती खूश.

घास बारीक चावायचा, जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. वीस-पंचवीस मिनिटांत छोटी वाटी संपवायची. हे आठवडाभर जमलं नाही तर ऑपरेशन एक महिना पुढे ढकला, काही बिघडत नाही.

पायरी ८ : घरी आल्यावर

बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सोडतात. ऑपरेशनच्याच संध्याकाळी उठवून चालवतात, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. कंटाळा करू नका. सुरुवातीला पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, चिमूटभर प्रमाणात.

रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं गाठायची असतात. शाकाहारी घरात हे अवघड. वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम निघतात. ताक, पनीर, मुगाचं धिरडं, सोयाबीन, चालत असेल तर अंडं, आणि पहिले काही महिने पावडर. ज्वारीची भाकरी मला वर्षभर उतरली नाही. पिठलं मात्र देवासारखं धावून आलं.

गोळ्या : मल्टिव्हिटॅमिन, बी१२, कॅल्शियम, डी, आणि लोह. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं. पित्ताचे खडे टाळायला बऱ्याच जणांना सहा महिने वेगळी गोळी देतात. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, बहुतेकांचे परत येतात. ताईच्या विंचरण्याची भीती घरभर पसरली होती. आणि उलट्या थांबत नसतील तर 'सुरुवातीला होतंच' म्हणून बसू नका. बी१ कमी पडून मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते.

ताबडतोब हॉस्पिटल गाठायची लक्षणं फ्रीजवर लिहून चिकटवा : नाडी सतत १२० च्या वर, ताप, पोटात वाढतं दुखणं, डाव्या खांद्यात कळ, धाप, पोटरी सुजून दुखणं. बायपासवाल्यांना काही वर्षांनंतरही अचानक पोटात जोरात मुरडा आला तर आतडं आत अडकल्याची शंका घ्यावी लागते; गॅस म्हणून ओवा खात बसायचं नाही. नेहमीच्या डॉक्टरांना आपली बायपास झालीय हे दरवेळी सांगा.

डंपिंग हा शब्द मी वाचला होता, कळला गणपतीत. पहिल्या वर्षी आईनं आग्रहानं एक उकडीचा मोदक वाढला, वर तूप. मी अर्धा खाल्ला, छान लागला म्हणून उरलेलाही खाल्ला. वीस मिनिटांत छातीत ढोल वाजायला लागला, कपाळावर घाम, पोटात कळा, आरती चालू असताना मी बाथरूमच्या फरशीवर गार भिंतीला टेकून बसलेलो. गूळ-साखर आतड्यात धपकन उतरली की असं होतं, बायपासमध्ये जास्त. तासाभरात ओसरलं. आता मी मोदकाचं टोक तेवढं मोडून घेतो. ताई अख्खा खाते आणि माझ्याकडे बघत खाते.

दारू बायपासनंतर लवकर आणि जास्त चढते. लग्नाच्या पार्टीत जुन्या मापानं पिणाऱ्यांनी गाडीची किल्ली आधीच दुसऱ्याला द्यावी.

वजन कुठे थांबेल? एकूण वजनाच्या साधारण पाव हिस्सा स्लीव्हला, थोडं जास्त बायपासला, असा ढोबळ हिशेब. ताई ७६ पर्यंत उतरली, आता ८१. मी ७९ पर्यंत, आता ८४. थोडं परत येतं. ती सकाळी नेरुळच्या ज्वेल पार्कात फेऱ्या मारते, मी रविवारी तलावपाळीला. नंतर मामलेदारची एक मिसळ दोघांत, त्यातले चार चमचे माझे.

पायरी ९ : दरवर्षीची तारीख

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा : हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, प्रथिनं, साखर. आम्ही दोघं डिसेंबरात एकाच सकाळी उपाशीपोटी रक्त देतो. माझं फेरिटिन दोनदा तळाला गेलं, शिरेतून लोह घ्यावं लागलं.

स्लीव्ह आणि मिनी बायपासवाल्यांना जळजळ नसली तरी एंडोस्कोपी सुचवतात, पहिल्या वर्षानंतर आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. ताईनं मागची चुकवली. गेल्या दिवाळीपासून तिला रात्री आंबट ढेकर येतात, तीही आता दोन उशा घेते. सर्जन म्हणाले, आधी बघू. गोळ्यांनी भागलं तर ठीक, नाहीतर स्लीव्हची बायपास करता येते. "म्हणजे मोदक बंद," ती म्हणाली. तिची एंडोस्कोपी पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला आहे. मी रजा टाकलीय.